रकाना रिकामा ठेवायचा नाही

वीस मे, शनिवार, दुपारचे साडेतीन. रक्कम सातशे रुपये. हजर तिघे: मी, माझा जावई आणि खड्डा खणणारा माणूस. ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पैसे मी दिले. जावयानं खिशात हात घातला होता, पण तो बाहेर काढायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

माझ्या मुलीचं ते पहिलं बाळ. मुलगा. वजन दोन किलो सातशे. पोटातच गेलं. अशा ठिकाणी बायकांनी यायचं नसतं, म्हणून माझी बायको दवाखान्यात मुलीजवळ थांबली होती. मुलीनं बाळ पाहिलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात कुणीच कुणाला फारसं काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात मी दाखला मागायला दवाखान्याच्या खिडकीवर गेलो. कारकून सभ्य होता. जन्माची वही वेगळी, मृत्यूची वेगळी आणि अशा बाळांची तिसरी, असं त्यानं समजावून सांगितलं. तिसऱ्या वहीतलं काही मागायला सहसा कुणी येत नाही, म्हणाला. मी विचारलं, नोंद झालीय ना? झालीय म्हणाला. मग मी परत आलो. गावच्या दूध संस्थेत बावीस वर्षं सेक्रेटरी आहे मी. रोज दोन वेळा लिटर, फॅट, दर लिहायचं. एखादी गोष्ट कुठंतरी लिहिलेली आहे म्हटलं की मला थोडं बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही, पण सवयीनं विचारलं.

ते बाळ कसं गेलं, याची मांडणी मी मनात पुष्कळदा केली आहे. मुलगी पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. बुधवारी संध्याकाळी ती आईला म्हणाली की आज बाळ फारसं फिरलं नाही. बायको म्हणाली, शेवटी शेवटी बाळ शांत होतं, खाली उतरतं, त्याला जागा उरत नाही. तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं. मी बाहेर ओट्यावर होतो. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी बोललो. म्हणालो, "कॅन गळ्यापर्यंत भरला की दूध हिंदकळत न्हाई, तसं असतं ते." उदाहरण सगळ्यांना पटलं. मुलगी हसलीसुद्धा.

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी तिला घेऊन गेलो तेव्हा ठोके लागले नाहीत. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: बाळ शेवटचं कधी फिरलं? गावातल्या कुठल्या गाईचं फॅट कुठल्या महिन्यात किती पडलं, हे मला वही न उघडता सांगता येतं. या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. दवाखान्याची तर नव्हतीच. आम्ही तिथं उशिरा पोचलो. तो भरल्या कॅनचा दाखला मात्र माझा होता. तो मी आजवर बायकोपुढंही पुन्हा काढलेला नाही.

सव्वा वर्षानं मुलीला पुन्हा दिवस राहिले. दुसरं बाळंतपण सासरी व्हायचं असतं. पण आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तोवर नवीन सोय झाली होती. बाळंतपणाची एक वेगळी खोली काढली होती, आणि ती पाहायला दोन सिस्टर होत्या. बाळंतपण याच विषयाचं दीड वर्षाचं शिक्षण सरकारनं त्यांना दिलेलं. कागदावर त्यांना मिडवाइफ म्हणतात. गावात कुणी म्हणत नाही, सिस्टरच म्हणतात. आमच्या आशाताईंनी हे बायकोला सांगितलं, बायकोनं मुलीला सांगितलं, आणि मुलीनं सासरी जाहीर केलं की मी माहेरीच जाणार.

विहीणबाईंना ते लागलं. फोनवर मला म्हणाल्या, "आमच्याकडं काय दवाखाने न्हाईत का दादा? का आमच्या हाताला यश न्हाई?" पहिल्या वेळी यश आमच्या हाताला नव्हतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तेवढं मोठेपण त्यांनी दाखवलं. जावई सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्याला पाळी बदलते. तो म्हणाला, "मामा, तिला जिथं झोप लागंल तिथं राहू द्या." त्यावर विषय मिटला.

पहिल्या तपासणीला मी सोबत गेलो. बाहेर बाकावर बसायचं, हे ठरलेलंच. दार अर्धं उघडं होतं, पडदा ओढलेला. आतलं ऐकू येत होतं. साधारण तपासणी पाच मिनिटांत उरकते, असा माझा अनुभव. इथं चाळीस मिनिटं झाली. सिस्टर पस्तिशीच्या असतील, भंडारदऱ्याकडच्या. बोलणं सावकाश, चढावर चालणाऱ्या माणसासारखं. त्यांनी आधी कागद पाहिला नाही. मुलीला विचारलं, "पहिलं बाळ कसं दिसत होतं?"

मग मुलगी बोलायला लागली. केस खूप होते म्हणाली. नाक यांच्यावर गेलं होतं. हाताची नखं वाढलेली होती. दीड वर्षानंतर बाकावर बसून मला कळलं की तिनं बाळ पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, नीट पाहिलं होतं. मी उठून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

त्या खोलीबद्दल बायकोनं नंतर सांगितलं. खाली जाड गादी, धरायला एक जाड दोर, बसायला मोठा रबरी चेंडू, एक बुटकं स्टूल. बाळंत होताना आईला जवळ थांबता येतं. आरडाओरडा करायचा असेल तर करावा, कुणी गप्प बस म्हणत नाही. बायकोला हे फार नवलाचं वाटलं. म्हणाली, "माझ्या वेळंला नर्सनं मांडीवर चापट मारली हुती." अठ्ठावीस वर्षांत हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं.

सातवा महिना संपताना सिस्टरनी मुलीला बाळाचं फिरणं ओळखायला शिकवलं. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, हात पोटावर, दुसरं काही करायचं नाही. आपलं बाळ कधी जागं असतं, कधी झोपतं, किती जोरात फिरतं, हे लक्षात ठेवायचं. रोजच्यापेक्षा कमी वाटलं की थांबायचं नाही, कुणाला विचारत बसायचं नाही, सरळ निघायचं. बाळ शेवटपर्यंत फिरतं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना पडद्याबाहेर मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मुद्दाम असेल असं नाही.

मी घरी येऊन वही केली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पट्टीनं रकाने आखले: तारीख, सकाळ, संध्याकाळ, दहा वेळा फिरायला लागलेली मिनिटं, शेरा. बायकोला ते आवडलं नाही. पोटातलं मोजू नये, दृष्ट लागते, असं तिचं म्हणणं. मी ऐकत नाही म्हटल्यावर तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर काजळाचा ठिपका लावला. पुढच्या तपासणीला मी वही घेऊन आत गेलो. सिस्टरनी ती चाळली. म्हणाल्या, "काका, रकाने सुरेख आहेत. पण मला आकड्यापेक्षा तिची खात्री हवी. वही हवी तर ठेवा, वहीवर विसंबू नका."

मला ते अर्धवट वाटलं. आकडा सोडून खात्री कशी धरायची? पण वाद घातला नाही. दर सोमवारी पानाचा फोटो मोबाईलवर पाठवीन म्हणालो. पाठवा म्हणाल्या.

सहा आठवडे वही चालली. रोज संध्याकाळी संस्थेतून आलो की आधी वही बघायचो, मग हातपाय धुवायचो. बावीस मिनिटं, अठरा, एकतीस, वीस. मुलीचं अक्षर छान आहे. सातवी-आठवीत असताना सुट्टीत ती संस्थेत बसून दुधाचं रजिस्टर लिहायची. मीच तिला शिकवलं होतं: खाडाखोड करायची नाही, आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही. वीज गेली, फॅटचं मशीन बंद पडलं, नमुना सांडला, तर ज्याचं त्याचं मागच्या तीन दिवसांचं फॅट घ्यायचं, त्याची सरासरी काढायची आणि लिहून टाकायची. सगळ्या संस्थांत हेच चालतं. यात लबाडी नाही. गाय एका रात्रीत बदलत नाही.

एकदा वहीत संध्याकाळची एक जागा कोरी दिसली. मी मुलीला नुसतं विचारलं, हे काय? पाहुणे आले होते, राहून गेलं म्हणाली. माझा चेहरा कसा झाला असेल, ते मला माहीत आहे. कोरा रकाना दिसला की तो तसा होतो. बावीस वर्षं संस्थेतली माणसं त्याची नक्कल करतात.

एप्रिलचा शेवट होता. भाचीच्या लग्नामुळे घरात आठवडाभर माणसांची ये-जा. सोमवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पान पाठवलं. मंगळवारी सकाळी संस्थेत गर्दीची वेळ होती. सात वाजता वीज गेलेली, मशीन बंद, मागून आलेल्या तेरा जणांचे नमुने बाटल्यांत तसेच ठेवलेले. दूध मात्र घेऊन झालं होतं. आठ कॅन भरून टेम्पोत चढले होते, टेम्पोवाला दोर बांधत होता. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला.

"काका, हे आकडे कुणी लिहिलेत?"

"मुलीनं. रोज तीच लिहिते."

"शनिवारी संध्याकाळी तेवीस. रविवारी तेवीस, तेवीस. काल पुन्हा तेवीस. बाळ असं घड्याळासारखं फिरत नाही हो. वही बाजूला ठेवा आणि तिला विचारा, आज उठल्यापासून बाळ किती फिरलं. मी फोन चालू ठेवते."

मला राग आला होता, हे लिहायला हवं. माझ्या वहीवर कुणी बोट ठेवलं म्हणून राग. घर संस्थेला लागूनच आहे. मी गेलो. मुलगी मागच्या दारी पायरीवर बसून चहा पीत होती. मी विचारलं. तिनं कप खाली ठेवला. वहीतला तेवीस कुठून आला, तेही मी विचारलं.

"सरासरी लावली, आप्पा."

ती पुढं सांगत गेली, एका सुरात, जणू रजिस्टर वाचत होती. शनिवारी संध्याकाळी माणसांच्या गर्दीत पडायला जागाच मिळाली नाही. रविवारी सकाळी चार वेळा फिरलेलं कळलं आणि तिला झोप लागली. संध्याकाळी पुन्हा तेच. काल दिवसभरात नीट कळलंच नाही. दमल्यामुळं कळत नसेल असं वाटलं.

"आणि आज?"

"आज अजून न्हाई."

"मग बोलायचं न्हाई का गं?" हे मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"तुमाला रिकामा रकाना बघवत न्हाई, आप्पा. तुमी परत तसं तोंड केलं असतं. मागच्या वेळंपासून तुमी कसं तोंड करता, मी बघत न्हाई का?"

बायको आतून आली. साखरेचं पाणी देऊ या, गार पाण्याचा शिपका मारू या, मग हलेल, असं म्हणायला लागली. फोनवरून सिस्टरचा आवाज आला की काही देत बसू नका, निघा, आत्ता. बायकोनं कोनाड्यातली पिशवी उचलली. ती पिशवी पंधरा दिवसांपासून भरून ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं.

दारात गाडी एकच होती, दुधाची. टेम्पोवाला म्हणाला, "कॅन उतरवीत बसलो तर पंधरा मिनटं मोडतील आप्पा. बसा तसंच." मायलेकी पुढं बसल्या. मी मागं कॅनला धरून उभा राहिलो. संस्थेच्या दारात चेअरमन होते. काय झालं ते त्यांना ओरडून सांगितलं की नाही, आठवत नाही. दवाखाना अठरा किलोमीटर, दूध शीतकरण केंद्र बरोबर उलट्या दिशेला. घाटाच्या वळणावर एका कॅनचं झाकण उडालं आणि माझी पँट दुधानं भिजली.

सिस्टर दारात उभ्या होत्या. मुलीला बाळंतपणाच्या खोलीत नेऊन त्यांनी पोटावर यंत्र लावलं. त्या खोलीत मलाही येऊ दिलं. आधी नुसती खरखर ऐकू आली. मुलगी छताकडं बघत होती. सिस्टर यंत्र सरकवत होत्या, चेहरा हलू न देता. मग ठोके लागले. बायको खाली बसली.

पण सिस्टर खूश दिसल्या नाहीत. त्यांनी पट्टा बांधून दुसरं यंत्र लावलं. त्यातून कागद निघत राहतो, ठोक्यांची रेघ काढत. वीस मिनिटं त्या कागदाकडं बघत उभ्या होत्या. मीही बघितला. एरवी कुठलाही तक्ता मला चटकन कळतो, हा कळत नव्हता. रेघ बरीचशी सपाट, मधूनच खाली उतरलेली. सिस्टरनी मुलीचा हात धरला आणि तिलाच सांगितलं, मला नाही: "बाळ आहे. पण दमलंय. वार थकली असावी, बाळाला पुरेसं पोचत नाहीये. मी डॉक्टरांना बोलावते. वाट बघण्यात अर्थ नाही. पोट उघडून काढावं लागेल. मी तुझ्याजवळून हलणार नाही."

गादी, दोर, रबरी चेंडू, बुटकं स्टूल, सगळं भिंतीशी होतं तसंच राहिलं. मुलीनं त्या खोलीत बाळंत व्हायचं ठरवलं होतं. तिला स्ट्रेचरवर नेताना तिनं मान वळवून त्या चेंडूकडं बघितलं.

बाहेर टेम्पोवाल्यानं मला दोनदा विचारलं, "आप्पा, दुधाचं काय करू?" दोन्ही वेळा मी थांब म्हणालो. दवाखान्याची गाडी आधीच एका बाळंतिणीला घेऊन नगरला गेली होती. आम्हालाही पुढं जावं लागलं तर, असं माझ्या डोक्यात होतं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मी ते वाक्य ऐकलंच नव्हतं. ओळखीचा आवाज आला म्हणून थांब म्हणालो. तो कडुनिंबाखाली टेम्पो लावून बसला. सावली नंतर सरकली.

साडेअकराच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या. मुलगी झाली, रडली, एक किलो नऊशे साठ ग्रॅम. दोघी ठीक आहेत, बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. मी विचारलं, अजून एक दिवस गेला असता तर? त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही काका, आणि तुम्हीही मोजू नका." मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आदल्या दिवसापासून घरी गेल्या नव्हत्या, हे मागाहून कळलं. सोमवारचा फोटो त्यांनी सकाळी पाहिला होता, एक बाळंतपण आटोपून, दुसरं सुरू व्हायच्या आत, चहा पिताना.

मी त्यांना म्हणालो की चूक वहीची होती.

"वहीची नाही. तिनं ती तुमच्यासाठी लिहिली, एवढंच. ती बाळाची वही राहिली नाही," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

जावई रात्रपाळी करून झोपला होता, तो दोन वाजता पोचला. पेटीच्या काचेतून त्यानं मुलगी बघितली. मला म्हणाला, "मामा, हिलाबी केस हाइत." मी हो म्हणालो. आम्ही बाकावर शेजारी बसलो आणि तो तसाच झोपला.

दूध अर्थात गेलं. टेम्पो केंद्रावर पोचायला एक वाजला. तिथं झाकणं उघडून वास घेतला आणि सगळं परत केलं. आठ कॅन, तीनशे बारा लिटर, एकेचाळीस उत्पादकांचं. टेम्पोवाल्यानं येताना ते ओढ्यात ओतलं.

बाळ पेटीत नऊ दिवस होतं. त्या नऊ दिवसांत मी संस्थेत सकाळ-संध्याकाळ गेलो आणि मधल्या वेळात दवाखान्यात. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. टोमणे मात्र आले. एकजण बादली टेकवत म्हणाला, "सेक्रेटरी, नात लई खादाड हाय राव. जन्मायच्या आदीच तीनशे लिटर पिली." लोक हसले, मीही हसलो. हसताना लक्षात आलं की मी उभ्या उभ्या झोपेत होतो.

बाळ घरी आल्यावर दोन दिवसांनी बैठक झाली. चेअरमन माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मनानं चांगले. त्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. म्हणाले, "ह्यात लई डोकं लावू नका. त्या सकाळची नोंद कोरी ठेवू नका. सगळ्यांची सरासरी लावा, दूध आलं म्हणून लिवा आणि नुकसान पुढल्या दोन महिन्यांच्या फॅटमधी जिरवा. पॉइंटभर इकडंतिकडं. कुणाच्या ध्यानात येणार न्हाई, कुणाला दुखणार न्हाई."

त्यांचं खरं होतं. कुणाच्या ध्यानात आलं नसतं. मला हे करता येतं, हे त्यांना माहीत होतं, मलाही. मी म्हणालो की त्या सकाळी दूध केंद्रावर स्वीकारलं गेलं नाही, तेवढंच लिहीन. पैसे मी देतो, कारण थांब मी म्हणालो होतो.

"नातीपायी झालं, तुमी काय मुद्दाम केलं का?"

"न्हाई. पण दूध लोकांचं हुतं."

चेअरमन थोडे रागावले. मग तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

अठ्ठावीस जणांचं सोपं होतं, त्यांचं फॅट वीज जायच्या आधी लागलेलं होतं. राहिलेल्या तेरा जणांच्या बाटल्या त्या सकाळी टेबलावरच राहिल्या, दुपारपर्यंत आंबून गेल्या. त्यांचं फॅट काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही. नियमाप्रमाणे सरासरी. मी रजिस्टर उघडलं, पेन घेतलं, आणि तेरा रकाने कोरे ठेवून समोर शेऱ्यात लिहिलं: तपासणी झाली नाही. बावीस वर्षांत असं पान माझ्या हातून पहिलंच. ते दिसायला वाईट दिसतं. पैसे देताना त्या तेरा जणांना प्रत्येकाच्या त्या महिन्यातल्या सगळ्यात वरच्या दरानं दिले. त्यातल्या दोघांनी, फॅट कमी लागलं असतं तरी एवढेच दिले असते का, असं विचारून घेतलं. हो म्हणालो.

सिस्टरसाठी बायकोनं साडी नेली होती. त्यांनी घेतली नाही, नियम आहे म्हणाल्या. बायकोनं आणलेल्या डब्यातला शिरा तेवढा उभ्यानं खाल्ला. टेम्पोवाल्याला दिवसाचं भाडं आठशे रुपये दिले, त्यानं ते मोजून घेतले. एकेचाळीस उत्पादकांना मिळून नऊ हजार नऊशे बेचाळीस रुपये दिले, माझ्या खात्यातून काढून, प्रत्येकाची सही घेऊन. शेवटी वस्तीवरच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. एकच गाय, त्या सकाळचं तीन लिटर दूध. त्यांना नव्व्याण्णव रुपये दिले आणि अंगठा घेतला.